फिडलशिवायची आगगाडी

अमेरिकेतल्या कंट्री म्हणजे ग्रामीण धाटणीच्या संगीताचा गायक जॉनी कॅश याची 'ऑरेंज ब्लॉसम स्पेशल' ही ध्वनिमुद्रिका कोलंबिया कंपनीने फेब्रुवारी १९६५ मध्ये बाजारात आणली, तेव्हा त्या नावाचे, एका आगगाडीवरचे मूळ गाणे २५ वर्षांहून जुने झाले होते आणि तिथल्या फिडलवादकांनी (फिडल म्हणजे लोकसंगीतातले व्हायोलिन) ते आपले राष्ट्रगीत ठरवून टाकले होते. ज्याला हे गाणे वाजवता येत नाही त्याला फिडल येते असे कोणी मानत नसे, आणि ज्याच्या साथीला फिडल नाही त्याला या गाण्याच्या वाटेला जाण्याचे काही कारण नव्हते. कॅशने ते गाणे घेतले आणि त्यातले फिडलच काढून टाकले. त्या जागी दोन माऊथ ऑर्गन आले, मध्ये थोडा वेळ सॅक्सोफोन आला, आणि बाकीचा भार त्याने आपल्या गळ्यावर व साथीदारांच्या ठेक्यावर टाकला.

हे गाणे मी आधी फिडलवर ऐकले आणि कॅशच्या आवाजात फार नंतर, त्यामुळे मला प्रथम राग आला होता. हे सांगण्याचे कारण असे, की साताऱ्यात असताना मी सहा वर्षे व्हायोलिन शिकले. सतरंजीवर मांडी घालायची, वाद्याचे टोक उजव्या पावलावर टेकवायचे, तारा सा-प-सा-प अशा जुळवायच्या आणि एका मींडेवर आठवडा काढायचा, असे ते शिक्षण होते. पुढे नोकरीनिमित्त चार वर्षे फ्लॉरिडामधल्या जॅक्सनव्हिल शहरात राहिले. तिथे नदीकाठी एका पुलाखाली शनिवारचा बाजार भरतो. भाज्या, मध, हाताने केलेले साबण अशा गाळ्यांच्या अगदी टोकाला एक वयस्क गृहस्थ फिडल घेऊन उभे असत. त्यांच्यापुढच्या टोपीत नोटा पडत त्या बहुतेक एकाच गाण्याला. मी नाव विचारले तेव्हा त्यांनी ते सांगितले आणि वर अभिमानाने जोड दिली, की हे गाणे याच गावात जन्मले आहे.

त्यांच्या या विधानावर वाद आहे, पण आधी गाडीविषयी. ऑरेंज ब्लॉसम स्पेशल ही सीबोर्ड एअर लाइन या रेल्वे कंपनीची न्यूयॉर्क ते फ्लॉरिडा अशी धावणारी श्रीमंती गाडी. (या नावातल्या 'एअर लाइन'चा विमानाशी संबंध नाही. दोन ठिकाणांमधला सरळ, नाकासमोरचा मार्ग अशा अर्थाने हा शब्द विमाने येण्यापूर्वीच्या रेल्वे कंपन्या वापरत असत.) २१ नोव्हेंबर १९२५ रोजी ती सुरू झाली. उत्तरेतल्या धनिकांना हिवाळ्यात ऊब हवी होती, फ्लॉरिडात जमिनीच्या भावांना भरते आले होते, आणि सीबोर्डचे अध्यक्ष एस. डेव्हिस वॉरफील्ड यांनी त्याच वर्षी त्या राज्यातून तिरपा छेद देणारा २०४ मैलांचा नवा लोहमार्ग घातला होता. त्यांची एक पुतणी वॉलिस नावाची होती, जिच्यासाठी १९३६ मध्ये इंग्लंडच्या राजाने सिंहासन सोडले, पण ती कथा वेगळी. गाडी फक्त हिवाळ्याच्या हंगामात धावे, १९२७ पासून ती थेट मायामीपर्यंत जाऊ लागली आणि १९५३ मध्ये ती कायमची बंद झाली. म्हणजे कॅशने गाणे ध्वनिमुद्रित केले तेव्हा गाडी बंद पडून अकरा-बारा वर्षे झाली होती, आणि तरी गाण्यातली गाडी धावतच होती.

गाणे नोंदले गेले ते अर्विन टी. राऊज या फिडलवादकाच्या नावावर, १९३८ मध्ये. राऊज मूळचा नॉर्थ कॅरोलायनाचा. लहानपणापासून भावांबरोबर रंगमंचावर कसरतीचे फिडल वाजवण्यात तो वाढला होता, म्हणजे वाद्य पाठीमागे धरून वाजवणे वगैरे. त्याने आणि त्याचा भाऊ गॉर्डन याने जून १९३९ मध्ये हे गाणे प्रथम मुद्रित केले. दुसरा दावेदार चबी वाईज हा जॅक्सनव्हिलमध्ये टॅक्सी चालवणारा आणि रात्री फिडल वाजवणारा तरुण होता. वाईज आयुष्यभर सांगत राहिला, की स्टेशनात उभी केलेली झगझगीत गाडी आपण दोघांनी मिळून पाहिली, त्याच रात्री धून बांधली, आणि राऊजने देऊ केलेला अर्धा हक्क आपण नको म्हटले, कारण या गाण्यातून कधी पैसा मिळेल असे वाटले नव्हते. राऊजला हे मान्य नव्हते. रँडी नोल्स या लेखकाने या दोघांवर एक अख्खे पुस्तक लिहिले आहे. मला मात्र या भांडणात फारसा रस नाही, कारण गाडीचा आवाज वाद्यातून काढण्याची युक्ती या दोघांपैकी कोणाचीच नव्हती. ती त्यांच्या आधीची आहे आणि कॅशचे गाणे समजून घ्यायला तीच अधिक उपयोगी पडते.

फिडल हे व्हायोलिनच. काही जण घोडी (तारा जिच्यावर टेकतात ती पट्टी) थोडी सपाट घासून घेतात, म्हणजे दोन तारा एकदम छेडणे सोपे जाते. एरवी फरक आहे तो वाजवण्याच्या रीतीत. 'ऑरेंज ब्लॉसम'चे दोन भाग आहेत. पहिला भाग आपल्या पेटीच्या भाषेत पांढरी तीनमध्ये आहे आणि दुसरा पांढरी सहामध्ये, म्हणजे पहिल्या भागाच्या मध्यमालाच दुसऱ्या भागात षड्जाचे स्थान मिळते. पाश्चात्त्य जुळणीत फिडलच्या वरच्या दोन तारा नेमक्या याच स्वरांच्या असतात, त्यामुळे दोन्ही भागांत मोकळी तार सतत घुमत ठेवता येते. पहिल्या भागात गाडी येते. वरच्या दोन तारांवर दोन बोटे एकत्र ठेवून घसरवली की शिटी ऐकू येते, आणि ती इतकी खरी वाटते याचे कारण अमेरिकेतल्या वाफेच्या इंजिनांच्या शिट्ट्या एका स्वराच्या नसत, तीन किंवा अधिक स्वर त्यात एकत्र वाजत. शिवाय गाडी आपल्याजवळून निघून जाऊ लागली की शिटीचा सूर उतरल्यासारखा ऐकू येतो. हा उतार म्हणजे आमच्या भाषेत मींडच, आणि तो मला पहिल्या दिवशी जमला.

जमला नाही तो दुसरा भाग. तिथे गाडी वेग घेते आणि फिडलवादक 'डबल शफल' नावाच्या गजाच्या चालीवर येतो. आठ मात्रांच्या चक्रात गज खालच्या तारेवरून वरच्या तारेवर आणि परत असा झुलत राहतो, आणि वजन पडते ते तीन, तीन, दोन अशा गटांवर. केरव्याची आठ मात्रांची चौकट अंगात भिनलेली असली, तरी चार-चारच्या जागी ३-३-२ असे वजन, तेही दोन तारांवर झोके घेत, दर सेकंदाला सात-आठ स्वरांच्या वेगाने, म्हणजे मनगटाची परीक्षा आहे. मी व्हायोलिनच्या तारा पाश्चात्त्य पद्धतीने जुळवून घेतल्या, उभे राहायला शिकले, हनुवटीखाली वाद्य धरायला शिकले (मान तीन महिने दुखली) आणि दर शनिवारी त्या गृहस्थांच्या मनगटाकडे टक लावून पाहिले. ते म्हणत, की खांदा विसरा, फक्त मनगट. आमचे साताऱ्याचे गुरुजी याच्या बरोबर उलट सांगत असत. दोघेही आपापल्या गाण्यापुरते बरोबर होते.

या कौशल्याचा परिणाम असा झाला, की गाणे हळूहळू कसरत होऊन बसले. ब्लूग्रास या द्रुत लयीच्या, तंतुवाद्यांवरच्या कंट्री संगीताचा जनक मानला जाणारा बिल मन्रो याने १९४१ मध्ये ते मुद्रित केले तेव्हा फिडल आर्ट वूटनच्या हाती होते आणि त्यात गाणे व बोलणे दोन्ही होते. पुढे ब्लूग्रासच्या प्रत्येक पथकाने ते उचलले, दर पिढीने वेग थोडा वाढवला, आणि गाण्याचे शब्द बहुतेकांनी गाळून टाकले. वासार क्लेमेंट्ससारख्या खरोखर मोठ्या वादकाने वाजवले की त्यातही नवी वळणे सापडतात, पण बाकी ठिकाणी श्रोते वाट पाहतात ती वादक किती जोरात जातो याची, आणि गजाचे केस तुटून लोंबू लागले की टाळ्या पडतात. आयडाहो राज्यातल्या वायझर गावी १९५३ मध्ये जुन्या धाटणीच्या फिडलची स्पर्धा सुरू झाली आणि पुढे ती राष्ट्रीय झाली. तिथल्या नियमांत करामतीच्या वादनाला मनाई आहे आणि मनाईच्या उदाहरणांत या गाण्याचे नाव आहे. राष्ट्रगीतालाच स्पर्धेत बंदी, हे वाचून मला फार हसू आले होते. नंतर वाटले, की नियम करणाऱ्यांना नेमके काहीतरी कळले होते.

एकच बंदिश दहा गवयांकडून ऐकत वाढलेल्या माणसाला 'कव्हर' या प्रकाराचे समर्थन करावे लागत नाही. दुसऱ्याची चीज आपल्या अंगाने मांडणे हा आपल्याकडे गुन्हा नसून परीक्षा असते. त्यामुळे कॅशने दुसऱ्याचे गाणे घेतले याबद्दल माझी तक्रार नव्हती. तक्रार होती ती वाद्याबद्दल. ज्यासाठी मी मान आणि मनगट पणाला लावले होते, ते वाद्यच या माणसाने घराबाहेर ठेवले होते. एका संध्याकाळी घरी परतताना मोटारीत ते प्रथम लागले, आणि पहिल्या अर्ध्या मिनिटात मी ते बंद केले.

दुसऱ्यांदा ऐकले ते महिन्याभराने, आणि या वेळी कानाने आधी ठेका पकडला. कॅशच्या साथीला ल्यूथर पर्किन्सची गिटार, मार्शल ग्रँटचे बास आणि डब्ल्यू. एस. हॉलंडचा ढोल असे तिघे असत. त्यांच्या ठेक्याला लोक 'बूम-चिका-बूम' म्हणत. १९५६ च्या सुमारास, हॉलंड येण्यापूर्वी, त्यांच्याकडे ढोल नव्हता, तेव्हा कॅश गिटारच्या तारांखाली कागदाची घडी सरकवून ती खरखरीत वाजवी, म्हणजे ढोलाचा भास होई. हा ठेका ऐकला की कोणालाही रुळांचे सांधे आठवतात. मराठी मुलाला तो 'झुकझुक' वाटेल, अमेरिकन मुलाला आणखी काही, पण आगगाडीच वाटेल. कॅशने आगगाडीची गाणी आयुष्यभर गायली. १९३२ मध्ये आर्कान्सात गरीब शेतकरी घरात तो जन्मला, आणि त्याचे वडील मंदीच्या काळात काम शोधत मालगाड्यांवर चढून गावोगाव गेले होते. त्यामुळे गाडी हा त्याच्यासाठी नकलेचा विषय नव्हताच. त्याच्या प्रत्येक गाण्याच्या तळाशी ती आधीच चालू असे, आणि या गाण्यात वरून फिडलने तिची नक्कल केली असती तर एकाच रुळावर दोन गाड्या आल्यासारखे झाले असते.

हे लक्षात आल्यावर माऊथ ऑर्गनकडे मी निराळ्या कानाने पाहू लागले. (कानाने पाहणे हा शब्दप्रयोग चुकीचा आहे हे मला माहीत आहे, पण झाले तसेच.) माऊथ ऑर्गन हे श्वासाचे वाद्य आहे आणि फुंकण्याइतकेच ओढण्यावर चालते. फुंकले की एक स्वरसमूह, आत ओढले की दुसरा. ओठांनी तीन-चार छिद्रे एकदम झाकून श्वास आत-बाहेर केला, की इंजिनाचा भसाभसा निघणारा धूर आपोआप ऐकू येतो. वाफेच्या इंजिनातही दुसरे काही घडत नसते. दोन नळकांड्यांत दट्ट्या पुढे-मागे होतो आणि चाकाच्या एका फेऱ्यात वाफ चार वेळा धापा टाकत बाहेर पडते. फिडलला हे दाखवण्यासाठी गजाची युक्ती लढवावी लागते, तर माऊथ ऑर्गनला फक्त जोराने श्वास घ्यावा लागतो. शिटीही तशीच. तीन छिद्रे एकत्र ओढून जिभेने व घशाने सूर थोडा खाली वाकवला, की शिटी दूर गेलेली ऐकू येते.

दोन माऊथ ऑर्गन का, याचे उत्तर त्या वाद्याच्या मर्यादेत आहे. साध्या, दहा छिद्रांच्या माऊथ ऑर्गनमध्ये एकाच पट्टीचे स्वर असतात. फिडलवादक पांढरी तीनमधून पांढरी सहामध्ये बोटे सरकवून जातो, पण माऊथ ऑर्गनवाल्याला पट्टी बदलायची तर वाद्यच बदलावे लागते. कॅश रंगमंचावर दोन्ही वाद्ये हातात घेऊन भराभर अदलाबदल करत असे, आणि प्रेक्षकांना तो खेळ फार आवडे. या ठिकाणी मला प्रामाणिकपणे सांगायला हवे, की इथेही थोडी कसरत आली. पण ती वेगाची नाही. दोन पट्ट्यांमधला सांधा लपवून टाकण्याऐवजी तो डोळ्यांना दाखवण्याची ती हौस होती, आणि गाडी रूळ बदलते तेव्हाचा खडखडाट त्यात ऐकू येतो असे मला वाटते. मुद्रित गाण्यात माऊथ ऑर्गनवर चार्ली मॅकॉय हा नॅशव्हिलचा तरुण वादक होता. त्याने पुढे १९७० च्या दशकात हे गाणे स्वतःच्या नावाने माऊथ ऑर्गनवर वाजवून लोकप्रिय केले, म्हणजे कॅशने उघडलेल्या दारातून पहिला तोच आत शिरला.

खरे तर दार कॅशने उघडले असे म्हणणेही अपुरे आहे, कारण ते दार फिडलच्याही आधीचे होते. नॅशव्हिलच्या डब्ल्यूएसएम रेडिओ केंद्रावर १९२० च्या दशकात डिफोर्ड बेली नावाचा कृष्णवर्णीय माऊथ ऑर्गनवादक होता, गुलामांचा नातू. लुइसव्हिल-नॅशव्हिल रेल्वेच्या 'पॅन अमेरिकन' या गाडीची नक्कल करणारी त्याची रचना श्रोत्यांची अतिशय आवडती होती. १० डिसेंबर १९२७ रोजी रात्री त्या केंद्राने न्यूयॉर्कहून आलेला वॉल्टर डॅमरॉश यांचा अभिजात संगीताचा कार्यक्रम प्रसारित केला. त्याच्या शेवटी आगगाडीचे चित्र उभे करणारी एक आधुनिक वाद्यवृंद रचना होती. लगेच पुढचा कार्यक्रम स्थानिक कलावंतांचा. निवेदक जॉर्ज हे याने बेलीला बोलावले, बेलीने एकट्याने, खिशात मावणाऱ्या वाद्यावर आपली गाडी धाववली, आणि निवेदक म्हणाला, की आतापर्यंत तुम्ही 'ग्रँड ऑपेरा' ऐकत होता, आता आम्ही 'ग्रँड ओल ऑप्री' सादर करतो. कंट्री संगीताच्या सर्वांत मोठ्या व्यासपीठाचे नाव अशा रीतीने पडले. बेलीला १९४१ मध्ये त्याच व्यासपीठावरून काढून टाकण्यात आले, आणि कंट्री संगीताच्या सन्मानदालनात त्याचे नाव लागले ते २००५ मध्ये, मृत्यूनंतर २३ वर्षांनी. ज्या वर्षी बेलीला काढले त्याच वर्षी मन्रोने 'ऑरेंज ब्लॉसम' मुद्रित केले हा योगायोग आहे, आणि त्यातून अर्थ काढण्याचा मोह मी टाळते. पण गाडी माऊथ ऑर्गनवर चालवण्याची रीत त्या रेडिओवर राऊजच्या गाण्याच्या दहा-अकरा वर्षे आधीपासून होती. फिडलने गाडी चालवली ती उसनी घेऊन, आणि कॅशने ती जिथली होती तिथे परत नेऊन उभी केली, असे आता मला वाटते.

यात एक गंमत आहे, जी बाजारातल्या गृहस्थांनी मला दाखवली. १९३८ मध्ये सीबोर्डने या गाडीला डिझेल इंजिने लावायला सुरुवात केली. हिरवा, पिवळा आणि नारिंगी असे लिंबू-संत्र्याच्या बागेचे रंग दिलेली ती नवी इंजिने इतकी देखणी होती, की कंपनीने त्यांचे ठिकठिकाणी प्रदर्शन मांडले. वाईज सांगत असे त्या गोष्टीतली झगझगीत गाडी ती हीच. डिझेल इंजिन मात्र धापा टाकत नाही, एकसारखे गुरगुरते. म्हणजे ज्या वर्षी या गाडीने धापा टाकणे सोडायला सुरुवात केली त्याच वर्षी तिच्यावरचे गाणे जन्मले, आणि त्यात गाडी धापाच टाकते. गाणे सुरुवातीपासून आठवणीतल्या गाडीचे आहे.

आता शब्दांकडे. फिडलवाल्यांनी गाळलेले शब्द कॅशने सगळे परत आणले, आणि त्याच्या खर्जातल्या आवाजात ते प्रथमच कोणीतरी बोलल्यासारखे वाटतात. शब्द अगदी साधे आहेत. न्यूयॉर्कला कंटाळलेला माणूस म्हणतो, की मी फ्लॉरिडाला जाईन, नाहीतर कॅलिफोर्नियाला, आणि बुटांत वाळू भरून घेईन. (ही गाडी कॅलिफोर्नियाला कधीच जात नसे, पण गाणाऱ्याला त्याची पर्वा नाही.) मधेच गाणे थांबते आणि दोन माणसांचे बोलणे सुरू होते. कॅश दोन्ही बाजूंनी स्वतःच बोलतो. एक विचारतो, फ्लॉरिडाला परत कधी जाणार? दुसरा म्हणतो, बहुधा कधीच नाही. पहिला विचारतो, न्यूयॉर्कमध्ये तुझ्या खाण्यापिण्याचे कसे होईल याची काळजी नाही वाटत? त्यावर दुसरा 'मेलो तरी बेहत्तर' अशा अर्थाचे उत्तर देऊ लागतो आणि त्या उत्तराची शेवटची अक्षरे सुटी होऊन रुळांसारखी खडखडू लागतात, आणि त्याच खडखडाटावर स्वार होऊन गाडी पुन्हा सुटते. गाण्यात फ्लॉरिडाला जायचे आहे आणि संवादात जायचे नाही, ही विसंगती कोणी दुरुस्त केलेली नाही हे उत्तमच. त्या संवादामुळे मला पहिल्यांदा कळले, की या गाण्यात एक माणूस आहे. फिडलवर ते शंभर वेळा ऐकूनही मला फक्त गाडी दिसली होती. तिच्यात बसू पाहणारा, तिकिटाला पैसे असतील की नाही अशी शंका यावी असा हा माणूस मला कॅशने दाखवला.

सॅक्सोफोनबद्दल मात्र माझा राग गेलेला नाही. बूट्स रँडॉल्फ हा उत्तम वादक होता, पण या गाण्यात त्याचा तुकडा येतो तेव्हा मला वाटते, की रेल्वे फलाटावर कोणी लग्नाचा बँड आणून उभा केला. नॅशव्हिलच्या तेव्हाच्या निर्मात्यांना प्रत्येक ध्वनिमुद्रिकेत थोडी रंगीबेरंगी झालर लावण्याची सवय होती आणि तिचा हा परिणाम असावा, असे माझे मत. गाणे कंट्री गाण्यांच्या लोकप्रियतेच्या यादीत तिसऱ्या क्रमांकापर्यंत गेले, तेव्हा लोकांना ती झालर खुपली नाही हे उघड आहे.

ती झालर गळून पडली ती तुरुंगात. १३ जानेवारी १९६८ रोजी कॅलिफोर्नियातल्या फॉल्सम तुरुंगात कॅशने कैद्यांपुढे दोन कार्यक्रम केले, आणि त्यावरून तयार झालेल्या ध्वनिमुद्रिकेत हे गाणे आहे. तिथे सॅक्सोफोन नाही, तेवढे माऊथ ऑर्गन, ठेका आणि आवाज. गाण्यांचा क्रमही पाहण्याजोगा आहे. कार्यक्रमाची सुरुवात त्या तुरुंगावरच्याच गाण्याने होते, ज्यात कैद्याला दूरवरून गाडी ऐकू येते आणि आत बसलेले श्रीमंत प्रवासी आठवून तो तडफडतो. पुढे फासावर जाणाऱ्या माणसाची उरलेली मिनिटे मोजणारे गाणे येते, आणि ते संपताच 'ऑरेंज ब्लॉसम'. आधीच्या गाण्यात बाहेरून जाणारी गाडी आता तुरुंगाच्या भोजनगृहाच्या मध्यभागी येऊन उभी राहते. कॅलिफोर्नियात डांबलेल्या माणसांपुढे कोणी कॅलिफोर्नियाला जाऊन बुटांत वाळू भरायची गोष्ट करतो, आणि खाण्यापिण्याच्या काळजीचा विनोद तुरुंगातल्या जेवणाच्या जागेत होतो, तेव्हा जे हसू उठते ते स्टुडिओत तयार करता आले नसते. तिथे फिडल असते तर वादकाच्या बोटांकडे लक्ष गेले असते. तिथे हवी होती ती फक्त गाडी.

राऊजचे पुढे काय झाले हेही कॅशमुळेच मला कळले. या गाण्यावर हक्क सांगणारे इतके होते, की खरा कर्ता कोण याचा कॅशला पत्ता नव्हता. त्याच्या कार्यक्रमांत गाणाऱ्या मेबेल कार्टर यांनी त्याला राऊजचे नाव सांगितले. राऊज तेव्हा फ्लॉरिडाच्या दक्षिण टोकाला, बिग सायप्रसच्या दलदलीच्या प्रदेशात राहत होता. मद्य आणि मनाचे आजार यांनी तो पोखरला गेला होता. तिथल्या लूप रोडवर गेटर हुक लॉज नावाचे एक खेडवळ मद्यगृह होते, 'आत बंदुका व सुरे आणू नयेत' अशी पाटी लावलेले, आणि तिथे तो फिडल वाजवी. हे गाणे रचणारा माणूस तिथे मगरींची शिकार करणाऱ्यांसमोर तेच गाणे वाजवत असे, हे वाचल्यापासून बाजारातल्या टोपीत मी एक नोट जास्त टाकू लागले. राऊज १९८१ मध्ये गेला. वाईज आणखी पंधरा वर्षे जगला आणि शेवटपर्यंत आपला दावा सांगत राहिला.

जॅक्सनव्हिल सोडण्यापूर्वी मी तिथल्या जुन्या स्टेशनात जाऊन आले. १९१९ मध्ये उघडलेली ती इमारत दर्शनी १४ दगडी खांबांची आहे. १९७४ मध्ये स्टेशन बंद झाले आणि पुढे त्याचे संमेलनगृह करण्यात आले. मी गेले त्या दिवशी आत कसलेसे प्रदर्शन चालू होते आणि जिथे फलाट होते तिथे मोटारी उभ्या होत्या. बाहेर शोभेसाठी एक वाफेचे इंजिन ठेवलेले होते. ते सीबोर्डचे नव्हते, त्यांच्या प्रतिस्पर्धी कंपनीचे होते.

आता मी पुण्यात आहे. व्हायोलिन पुन्हा सा-प-सा-प झाले आहे, आणि डबल शफल मला आजही पूर्ण वेगात येत नाही. मात्र परत येताना मी दोन माऊथ ऑर्गन घेऊन आले, एक पांढरी तीनचा आणि एक पांढरी सहाचा. शिटी जमते. धापा अर्धे मिनिट जमतात, मग माझ्याच सुरू होतात. अदलाबदल मात्र काही केल्या साधत नाही, कारण टेबलावरचा दुसरा माऊथ ऑर्गन घाईत उचलला की तो हटकून उलटा हातात येतो आणि खर्जाच्या जागी तार सप्तक किंचाळते.